झऱ्याला पाजलेलं ताक

वैशाख आला की आमच्या पिरंगुटच्या फ्लॅटमधला शॉवर रुसतो. वरची टाकी भरलेली, नळाला पाणी, पण शॉवरच्या भोकांतून दोन-चार केविलवाण्या धारा तेवढ्या येतात, त्याही तिरक्या. यंदा सोसायटीचा प्लंबर आला, स्टुलावर चढला आणि जाळी काढून माझ्या हातात देत म्हणाला, "मॅडम, बोअर के पानी में चूना बहुत है। नया लगा दो।" भोकाभोकाशी पांढरी खरपुडी साचली होती. मी म्हटलं, नवा कशाला? याला रात्रभर आंबट ताकात बुडवून ठेवते, सकाळी या. तो माझ्याकडे असा बघायला लागला, की या बाईंना ऊन लागलंय का काय!

त्याला कसं सांगू, की ताकानं मी शॉवरच काय, आख्खा झरा उघडताना पाहिलाय!

सत्तरच्या दशकाच्या अखेरचा तो वैशाख. मी पुण्यात कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन शिकत होते. परीक्षा संपवून, ट्रंक एस.टी.च्या टपावर टाकून पौडवरून पुढं आमच्या गावी आले, तर फाट्यावरूनच आमची वस्ती दिसली. दिसली कसली, डोळ्यांत घुसली. सगळी घरं पांढरीशुभ्र. विहार पांढरा, पार पांढरा, करवंदीच्या जाळीशेजारचा दगडसुद्धा पांढरा. मी ओळखलं, आण्णांनी यंदा मनावर घेतलंय.

आण्णा म्हणजे माझे वडील. पेशानं गवंडी. जगात चुन्यानं बरी न होणारी गोष्ट नाही, हा त्यांचा पक्का समज. वैशाखी पौर्णिमेच्या आधी वस्तीतल्या प्रत्येक घराला पांढरा हात द्यायचा, ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासूनची आमची रीत होती आणि ती आण्णांच्या ताब्यात होती. अंगणातल्या खड्ड्यात कळीचा चुना पडला की पाणी रटरटा उकळायचं. आम्ही पोरं लांबून बघायचो. चुन्याचा तो ओला, जरासा जाळणारा वास नाकात गेला की मला आजही नवं काहीतरी घडणार असं वाटतं. घायपाताचा कुंचला, चिमूटभर नीळ, आणि आण्णांच्या भुवयांवर पांढरे ठिपके. आमच्यासाठी हाच सण.

त्या वर्षी सण दुप्पट होता. पौर्णिमेलाच आक्काचं लग्न होतं. आक्का माझी थोरली बहीण. मुलगा नेऱ्याचा, शाळामास्तर, दिसायला बरा आणि बोलायला त्याहून बरा. मुहूर्त बघायचा नव्हता, पौर्णिमेसारखा दिवस नव्हता, आणि लग्न आमच्या अंगणात करायचं ठरलं होतं. त्याला कारण आई. माघात बांधावरून घसरून तिची मांडी मोडली होती आणि पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये होता. अंगणात बाजेवर पडून ती घर चालवायची. आण्णांनी ते प्लास्टर टिचकी मारून तपासलं होतं आणि शेरा दिला होता, "काम झ्याक हाय. पर कडा घोटली न्हाई." नेऱ्यापर्यंत बैलगाडीच्या किंवा एस.टी.च्या धक्क्यांत तिला नेणं डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हा आक्काचं लग्न आईच्या डोळ्यांसमोर व्हायचं, तर ते अंगणातच. आक्का फार बोलणारी नव्हती, पण हे एक वाक्य तिनं सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं, "आई न्हाई तर लगीन न्हाई."

लग्न म्हटलं की पाणी लागतं. आणि पाणी म्हणजे अंगणाच्या कडेची आमची विहीर.

ही विहीर वस्तीनं स्वतः खणलेली. गावाच्या विहिरीवर आमच्या माणसांना पोहरा टाकू देत नव्हते, त्या काळात. माझ्या जन्माआधी वस्तीतल्या बायाबाप्यांनी भात काढून झाल्यावर पहारी घेतल्या आणि काळा पाषाण फोडत खाली गेले. खाली तांबड्या मातीचा एक पट्टा लागला. त्याच्या जरासं वर, पूर्वेच्या अंगाला, खडकाच्या भेगेतून झरा फुटला. आण्णांनी तिथं दगडाचा छोटा कोनाडा बांधला. वैशाखात विहीर तळाला जायची, पण झरा कधी आटला नाही. पायऱ्या उतरून जायचं, कोनाड्यापाशी बसायचं आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. तिथं खाली गार असायचं. वरच्या उन्हाचा चौकोन, पारव्यांची फडफड, वाटीचा आवाज. बायकांची सगळी गुपितं त्या कोनाड्याला ठाऊक होती.

मी घरी आले त्याच दिवशी आण्णा मला खाली घेऊन गेले, नवलाई दाखवायला. विहिरीची आतली भिंत पोहोचेल तिथवर पांढरी. कोनाडा पांढरा. "बग की, कसं चकाकतंय. वऱ्हाडाला वाटलं पायजे, ह्या लोकांची हीर हाय, हीर! आन् उरलेला समदा चुना त्या झऱ्याच्या तोंडाशी वतला. पानी कसं निवळशंख हुईल." मी म्हटलं, छान. मला काय माहीत! परीक्षा संपली की विद्यार्थ्याच्या डोक्यातून विषय पहिल्यांदा बाहेर पडतो.

दोन-तीन दिवसांत हंडा भरायला वेळ लागायला लागला. मग बायकांची रांग पायऱ्यांवरून वर आली. मग एका सकाळी चिमाकाकू रिकामा हंडा कमरेवर घेऊन अंगणात आली आणि कुणाला काही न सांगता आईच्या बाजेवर बसली. चिमाकाकू म्हणजे आण्णांच्या धाकट्या भावाची बायको. तिच्या तोंडाला विसावा नसायचा, त्यामुळे ती गप्प बसली म्हणजे काहीतरी मोठं झालं हे आईनं ओळखलं.

"झरा मेला, बाई," काकू म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वस्तीभर कुजबुज झाली. वैशाख आहे, आटला असेल. कुणी म्हणालं, विहिरीला नजर लागली. ते ऐकून आण्णा भडकले, "नजर बिजर काय न्हाई! आपल्या वस्तीत त्यो शबुद काडायचा न्हाई." पण त्यांचा चेहरा उतरला होता. दुपारी नेऱ्याहून व्याही आले. माणूस सज्जन. त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी बेतानंच प्यायले आणि हळूच म्हणाले, "आमच्याकडं पानी हाय, मांडव बी हाय. लगीन नेऱ्यालाच करू की. तुमाला तरास कशापायी?"

आक्का उंबऱ्यात उभी होती. तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "दोन रोज ऱ्हावा, व्याहीबुवा. मग सांगतो." व्याही गेल्यावर आक्का परसदारी गेली आणि तिथं तिनं इतका वेळ भांडी घासली, की भांड्यांनाच दया यावी.

मला त्या दुपारी झोप लागेना. मी विहिरीत उतरले. झऱ्याच्या भेगेत बोट घातलं, तर बोट जाईना. आत पांढरा, कडक थर. नखानं खरवडला. आणि एकदम मला शाळेतला प्रयोग आठवला. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकायचं. निवळी दुधाळ होते. आपण श्वासातून जी हवा सोडतो ती चुन्याशी मिळते आणि त्याची पांढरी पूड खाली बसते. पुढं मी शिक्षिका झाले आणि हा प्रयोग किती वर्गांना दाखवला याची गणती नाही, पण तो मला खरा कळला तो विहिरीच्या तळाशी, ओल्या पायांनी.

कारण पावसाचं पाणी जमिनीत शिरतं ते तसंच राहत नाही. मुळांची, किड्यामुंग्यांची, कुजल्या पानांची हवा त्याच्यात मिसळते आणि ते किंचित आंबट होतं. जिभेला कळणार नाही इतपत आंबट, पण खडकाला कळतं. ते काळ्या पाषाणाला चाटत चाटत खाली उतरतं, त्यातला चुना आपल्यात विरघळवून घेतं आणि भेग थोडी थोडी रुंद करतं. माणसाला दिसत नाही असं हे काम हजारो वर्षं चाललेलं असतं. आपण म्हणतो झरा लागला; खरं तर पाण्यानं आपली वाट आधीच चाटून ठेवलेली असते. पण त्या पाण्याचा आंबटपणा कुठं मोडला, की पोटातला चुना ते तिथंच टाकून देतं आणि आपलीच वाट बुजवतं. आण्णांच्या चुन्यानं नेमकं तेच केलं होतं. बादलीतला चुना आणि पाण्यातला चुना दोन्ही भेगेच्या तोंडाशी एकमेकांना भेटले आणि तिथंच बसले.

मी धापा टाकत वर आले. "आण्णा, झरा आटला नाही. तोंड बुजलंय. तुमच्या चुन्यानं."

"चुना पान्यात एवढ्या बिगीनं धरत न्हाई," गवंडी म्हणाला.

"नुसता तुमचा नाही. पाण्यात त्याचा स्वतःचा होता, तोही बसला."

आण्णांना पटलंही आणि पटलं नाहीही. तेवढ्यात आई बाजेवरून म्हणाली, "मंजी पानी हाय म्हन की कुटंतरी! त्येच म्या म्हनते, चार रोज झालं म्हस उटंना का म्हून!"

आमची म्हैस दिवसभर खालच्या खाचरात सोडलेली असायची. चार दिवस ती एकाच कोपऱ्यात फतकल मारून बसत होती, आणि हलणाऱ्या गोष्टी बघण्यापलीकडं आईला दुसरा उद्योग नसल्यानं ते तिच्या ध्यानात आलं होतं. आम्ही धावलो. म्हशीला उठवायला दोघांनी ढकलावं लागलं. खाली माती ओली. वैशाखाच्या भेगाळलेल्या खाचरात, विहिरीच्या खालच्या अंगाला, पोळपाटाएवढी ओल आणि तिच्याभोवती कोवळी हिरवी लव. पाणी अडलं म्हणून थांबलं नव्हतं. एक दार लागलं तसं दुसऱ्या फटीनं बाहेर पडत होतं, आणि ते वस्तीत सगळ्यांत आधी कुणाला कळलं, तर आमच्या म्हशीला. आक्का तिथं चिखलात बसली आणि हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली.

आता दार उघडायचं कसं? आण्णांनी पहार घातली. भेग अरुंद, पहार जाड, आणि जास्त जोर लावला तर खडक भलतीकडेच फुटून झरा कायमचा कुठं जाईल कोण जाणे. मी म्हटलं, हा थर ॲसिडनं विरघळेल, पण कॉलेजातलं ॲसिड प्यायच्या पाण्यात कसं घालणार?

"ॲशिड मंजी?" चिमाकाकूनं विचारलं.

"आम्ल. आंबट असतं ते."

"मग आंबट म्हन की, कमळे! हंड्याच्या बुडाला चुना बसला तर मी काय पहार घालते व्हय? ताकानं घासते."

आंबट म्हणून चिंच मीही विचारात घेतली होती, पण चिंचेचं आणि चुन्याचं मिळून पुन्हा न विरघळणारा साकाच होतो, हे आठवून सोडली होती. ताकाचं तसं नाही, ताकात मिसळलेला चुना पाण्यात विरघळून निघून जातो. पुस्तकात होतं ते माझ्याकडे होतं आणि ताक काकूकडे. आम्ही दोघींनी एकमेकींना अशी टाळी दिली, की बाजेवरची आई दचकली.

आण्णा मात्र अडले. झऱ्यात ताक ओतायचं? बायकांनी ओळीनं विहिरीत उतरून? "लोक काय म्हनतील? दीक्षा घेतली आन् हिरीला निवद दाखवत्यात! मी न्हाई हूं दिनार." आयुष्यभर त्यांनी वस्तीतून नवस, उतारे, अंगारे घालवायला जिवाचं रान केलं होतं. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. मी त्यांना खाली नेलं. वाटीत थोडं ताक घेतलं, खरवडलेला पांढरा खडा त्यात टाकला. "आण्णा, कान लावा." त्यांनी वाटी कानाशी धरली. आत बारीक, अगदी बारीक फसफस. पृष्ठभागावर मोहरीहूनही लहान बुडबुडे येऊन फुटत होते. शाळेच्या नळीतून फुंकलेली तीच हवा, दगडातून सुटून बाहेर येत होती.

आण्णा बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी जो निवाडा दिला तो आमच्या घरात कायमचा राहिला. "ताक आंबट आसंल तर शास्तर. ग्वाड आसंल तर नवस. ध्येनात ठिवा."

मग काय, आंबट ताक गोळा करायची मोहीम निघाली. वस्तीत म्हशी थोड्या. काकू घागर घेऊन थेट वरच्या आळीला गेली. तिथल्या काशीबाई मोठ्या खटल्याच्या घरच्या, त्यांच्या दावणीला पुष्कळ जनावरं. "कशाला एवढं आंबाट ताक?" त्यांनी विचारलं. ताकाला जाऊन गाडगं लपवणाऱ्यांतली काकू नव्हेच. "आमच्या झऱ्याला पाजायचंय," ती म्हणाली. काशीबाई खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "मग कालचं कशाला, चार रोजाचं न्हे. माज्या हातानं घालीन मी." आणि त्या खरोखर घागर घेऊन आल्या, पदर खोचून आमच्या विहिरीच्या पायऱ्या उतरल्या. ज्यांच्या सासऱ्यांनी आमच्या माणसांना गावविहिरीच्या काठावर उभं राहू दिलं नव्हतं, त्या काशीबाई आमच्या झऱ्याशी उकिडव्या बसून भेगेत ताकात भिजवलेल्या चिंध्या कोंबत होत्या. आईला वरून ते दिसत नव्हतं. ती प्रत्येक येणारीला विचारायची, "बसली का काशी खाली? बसली?" आणि उत्तर ऐकून डोळे पुसायची, हसता हसता.

चिंध्या ताकात भिजवायच्या, भेगेत ठासायच्या, भुगा सुटला की काढून पुन्हा नव्या. विहीरभर असा आंबूस वास सुटला, की पारवे उडून गेले. पोरांनी पांढऱ्या मिशा काढल्या. आक्काला नवरी म्हणून काही करू देत नव्हते, तर ती रागावली आणि शेवटच्या संध्याकाळी स्वतःच उतरली. तिनं चिंधी ओढली, आण्णांनी बारीक छिन्नीनं हलकेच टोचलं, आणि भेगेतून आधी एक गुळणी आली, मग पांढरी पिचकारी, थेट आण्णांच्या तोंडावर. भुवयांवरचा चुना आणि झऱ्यातला चुना एक झाला. मग धार. आधी दुधट, मग स्वच्छ, आणि पूर्वीपेक्षा जाड!

"पहारीनं न्हाई, पर छिन्नीनं निगाला," आण्णा ओरडले.

"ताकानं निगाला!" काकू.

"लई शाने हायेत," वरून आईचा आवाज. "म्हस उटली का त्ये बगा आदी."

दुसऱ्या दिवशी म्हैस आपण होऊन उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. आईच्या लेखी निकाल लागला.

पौर्णिमेला लग्न लागलं. आईची बाज चौघांनी उचलून मांडवात आणली. आक्का पांढऱ्या साडीत, घरं पांढरी, आईचा पाय पांढरा. त्रिसरण म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज बाजेवरून येत होता. दुपारी खीर आणि हंडेच्या हंडे पाणी. व्याही तांब्या तोंडाला लावून म्हणाले, "पानी ग्वाड हाय हो." चिमाकाकूला राहवलं नाही. "ग्वाड कसलं, आंबाट हाय!" आणि मांडव हसला. त्या पाण्याला खरंच जराशी ताकाची चव होती. मी आयुष्यात अनेक लग्नांत जेवले, पण तसं पाणी पुन्हा प्यायले नाही.

तेव्हापासून आमच्या घरात लेकीचं लग्न ठरलं, की ती झऱ्याला ताक पाजते. कुणी रीत घातली नाही, पडली. आण्णा होते तोवर प्रत्येक वेळी कोनाड्याशी उभे राहून आधी ताक चाखायचे. गोड निघालं तर परत पाठवायचे. एका वाटीभर ताकानं काय होतं ते मला नीट ठाऊक आहे. मी निवृत्त झाले तरी माझा विषय निवृत्त झालेला नाही. पण वर्षभर झऱ्याच्या ओठाला पांढरी साय धरतेच, आणि ती काढणं वाईट नव्हे.

यंदाच्या वैशाखात आक्काच्या नातीचं लग्न आहे. प्राजू हिंजवडीत नोकरी करते. लग्न नेऱ्याच्या एका मोठ्या लॉनवर, पाण्याचे टँकर आधीच सांगून ठेवलेले. गेल्या रविवारी ती आम्हा दोघी म्हाताऱ्यांना गाडीत घालून गावी घेऊन गेली. वस्तीच्या चहूबाजूंनी बंगले उठलेत, पण विहीर आहे, वर जाळी आहे, आणि खाली झरा आहे. आक्काला पायऱ्या झेपत नाहीत. ती वरच बसली, जिथं आईची बाज असायची त्याच जागी. मी आणि प्राजू खाली उतरलो. प्राजूनं पर्समधून पिशवी काढली. दुकानातलं मसाला ताक, जिरं घातलेलं.

मी थेंबभर जिभेवर टाकलं. गोड होतं.

"हे नाही चालायचं, बाळा."

"अगं मावशीआजी, फक्त सिम्बॉलिकच तर आहे!"

"म्हणूनच नाही चालायचं," मी म्हटलं, आणि मला माझ्याच तोंडून आण्णा ऐकू आले.

ती पिशवी उचलून पायऱ्या चढून गेली. मला वाटलं रुसली. पण थोड्या वेळानं ती वरच्या आळीतून स्टीलचा डबा घेऊन आली, काशीबाईंच्या नातसुनेनं दिलेला. कुडत्यावर ताक सांडलेलं, कपाळावर घाम. कोनाड्याशी उकिडवी बसून तिनं ताक झऱ्याच्या ओठावर हळूहळू ओतलं आणि खडकाला कान लावला. तिचे डोळे मोठे झाले.

"मावशीआजी! फसफसतंय!"

वरून आक्काचा आवाज आला, "आंबाट हाय का गं?"

"लई आंबट!" प्राजू ओरडली, आणि विहिरीनं ते दोनदा म्हटलं.

"मग हूं दे लगीन," आक्का म्हणाली.